‘बाऊ’ आणि ‘भाऊ’ : खानापूर तालुक्यातल्या एका मुलाचं प्रकरण

“एवढ्याशा कारणावरून?” या प्रकरणात हा प्रश्न मला ज्यानं त्यानं विचारला. वर्गशिक्षकांनी, चौकशीला आलेल्या फौजदारांनी, मुलाच्या चुलत्यानं, ज्याला लागलं त्या मुलाच्या आईनं. कारण खरंच एवढंसं होतं, एका अक्षराचं. वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या फोटोत कुणीतरी ‘भाऊ’चा ‘बाऊ’ केला आणि तिसऱ्या दिवशी दहावीतल्या मुलानं घरातला कोयता दप्तरातून नेऊन वर्गातल्याच मुलाच्या हातावर मारला.

मी सांगलीत समुपदेशनाचं काम करते. बाल न्याय मंडळानं हा मुलगा माझ्याकडे पाठवला तो डिसेंबर २०२४ मध्ये. तेव्हा तो पंधरा वर्षं दोन महिन्यांचा होता. अशा मुलाची ओळख पटेल असं काहीही छापायला बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानं बंदी आहे. म्हणून गाव आणि शाळा सांगत नाही. काही नाती आणि तारखा मागेपुढे केल्या आहेत. टोपणनाव तेवढं ठेवलं आहे, कारण त्याच्याशिवाय हे प्रकरण सांगताच येत नाही, आणि त्या भागात असं नाव एकट्या पोराचं नसतं.

काय घडलं

दसरा होऊन आठवडा झाला होता. मधली सुट्टी. शाळेमागचं मैदान. पाच पोरं, त्यातल्या दोघांच्या हातात मोबाईल. शाळेत मोबाईलला बंदी आहे, हे मला मुख्याध्यापकांनी दोनदा सांगितलं. वार डाव्या हातावर, कोपराच्या खाली. सात टाके पडले. हाड आणि शीर वाचली.

धारदार हत्यारानं दुखापत, भारतीय न्याय संहितेचं कलम ११८ (१), शिक्षा जास्तीत जास्त तीन वर्षं. तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा बाल न्याय कायद्यात ‘किरकोळ’ धरतात. त्यात मुलावर एफआयआर होत नाही. डायरीत नोंद होते, मुलाच्या घरदाराची माहिती लिहून ती मंडळाकडे जाते आणि चौकशी चार महिन्यांत, फार तर सहा महिन्यांत संपवावी लागते. गावाला हे अजिबात पटलं नाही. “कोयता मारला आणि किरकोळ?” चावडीवर हेच चाललं होतं. कायद्याच्या पुस्तकातला शब्द आणि गावातला शब्द एकच असला की असा घोळ होतो. ज्या आईच्या पोराला टाके पडले तिला ‘किरकोळ’ कसं सांगायचं, हे मलाही अजून जमलेलं नाही.

मुलाची आई तमिळनाडूहून दोन दिवस गाडीत बसून आली आणि माझ्यासमोर बसताच म्हणाली, “मोबाईलनं वाटोळं केलं.” आजी म्हणाली, “बाई, त्यानं आजवर कोंबडी कापली न्हाई वो.” दोघी आपापल्या जागी खरं बोलत होत्या. मोबाईल होताच. पण मोबाईल त्या वर्गातल्या एकूणएक पोरांकडे होता.

गलाईचं घर

विटा, खानापूर, आटपाडी या पट्ट्यातलं निम्मं कर्तं माणूस बाहेर असतं, हे सांगली जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचा गलाईचा धंदा. दुष्काळानं हुसकलेली माणसं मूस आणि भट्टी घेऊन देशभर पसरली, तमिळनाडू, केरळ, बंगाल, कुठल्याही पेठेत जा, विट्याकडचा माणूस सापडतो. गावात माडी उभी राहते, यात्रेला वर्गणी पडते, देवळाला कळस चढतो. पण त्या माड्यांत राहतात म्हातारी माणसं आणि नातवंडं.

या मुलाचे वडील चौदाव्या वर्षी गलाईला गेले. मुलगा जन्मला तिकडंच. चौथीपर्यंत तिकडच्याच शाळेत. घरात मराठी, रस्त्यावर तमिळ, पाटीवरही तमिळ. मग जून २०१९ मध्ये त्याला गावाकडे आजी-आजोबांजवळ ठेवलं. कारणं सगळी सरळ होती: दहावी-बारावी महाराष्ट्रात व्हावी, दाखल्यांची अडचण येऊ नये, म्हाताऱ्यांना सोबत व्हावी. आई, बाप आणि धाकटी बहीण तिकडंच राहिली. त्याला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही, आणि त्यात दुष्टपणा काहीच नव्हता. त्या भागात असंच करतात.

पाचवीच्या वर्गात दर आठवड्याला निबंध असायचा. ‘माझे कुटुंब’. पोरगं मराठी बोलायला चांगलं होतं, पण देवनागरी नुकतीच शिकत होतं. तमिळ लिपीत प, फ, ब, भ या चौघांचं काम एकच अक्षर करतं. त्यामुळे त्यानं लिहिलं, ‘मला बाऊ नाही.’ बाईंनी वही वर धरली, मोठ्यानं वाचलं आणि म्हणाल्या, “बाऊ नाही ना? मग घाबरतोस कशाला?” वर्ग हसला. बाईही हसल्या. मी त्यांना भेटले. त्यांना हा प्रसंग आठवतही नाही. खोटं बोलत नव्हत्या. दिवसाकाठी असे दहा विनोद वर्गात होतात.

त्या दिवसापासून तो ‘बाऊ’. पाचवीत, सहावीत, पुढं भ आणि ब व्यवस्थित लिहायला लागल्यावरही.

मे २०२१

यावर मी जरा जास्त थांबणार आहे, कारण मंडळापुढच्या कागदांत याला एक ओळ मिळाली आहे : ‘आजोबांचे निधन, २०२१.’

दुसरी लाट. शाळा वर्षभर मोबाईलवर. आजोबा एका पहाटे छातीत कळ येऊन गेले. करोना नव्हता, पण तेव्हा प्रत्येक मरण संशयाचं होतं. वडिलांना तिकडून यायला मार्ग नव्हता. चुलता पुण्यात अडकला होता. मोजकी माणसं, तोंडाला फडकी, सगळे लांब उभे. साडेअकरा वर्षांच्या पोरानं खांद्यावर मडकं घेऊन फेऱ्या मारल्या. त्याला मडकं पेलत नव्हतं. एक शेजारी लांबून सांगत होता, आता डावीकडून, आता थांब. अग्नी त्यानंच दिला. वडील हे सगळं फोनच्या पडद्यावर बघत होते, तो फोनही धरायला कुणी जवळ येत नव्हतं म्हणून दगडावर टेकवला होता.

हे त्यानं मला आठव्या भेटीत सांगितलं. तोवर सात भेटी ‘माहीत नाही’, ‘असंच’, ‘बरं आहे’ यावर गेल्या होत्या. सांगताना रडला नाही. दगडाचा रंग सांगितला.

त्या दिवसापासून घरातला कर्ता पुरुष तो. रेशन, बँकेचं पासबुक, आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या, विजेचं बिल, पाळीचं पाणी. घरी बारा वर्षांचा कारभारी, शाळेत बाऊ. रात्री झोप येईना. मग मोबाईल. बाकीचे म्हणतात मोबाईलमुळे झोप गेली. त्याच्या हिशेबात झोप आधी गेली. मला तो हिशेब बरोबर वाटतो.

मी त्याला सरळ विचारलं, जगू नये असं कधी वाटलं का? पालकांना आणि शिक्षकांना हा प्रश्न विचारायची भीती वाटते, की विचारलं तर पोराच्या डोक्यात यायचं. तसं होत नाही. उलट कुणीतरी विचारलं याचंच बऱ्याच पोरांना हायसं वाटतं. तो म्हणाला, “वाटलं होतं. त्या उन्हाळ्यात. पण आजीच्या गोळ्या कोण आणणार?” आत्ता तसं काही नाही, हे मी आणि ज्या मानसोपचारतज्ज्ञांकडे त्याला नेलं त्यांनी वेगवेगळं तपासलं. तरी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्याच्या फोनमध्ये घातला आणि आजीच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मोठ्या आकड्यात लिहून ठेवला.

हाताची बोटं

नववीत असताना त्याच्या उजव्या हाताच्या बोटांचे सांधे सोललेले असायचे. सायकलवरून पडलो, असं तो सांगे. वर्गशिक्षकांनी पाहिलं, पीटीच्या सरांनी पाहिलं, आजीनं पाहिलं. मुताऱ्यांमागच्या भिंतीवर तो मुठी मारत असे, हे ओळखलं एकट्या शिपाईमामांनी. त्यांनी हळद लावली आणि एवढंच विचारलं, “भिंतीनं काय केलं रं तुझं?”

स्वतःला इजा करणारं पोर आणि दुसऱ्याला इजा करणारं पोर, असे दोन वेगळे खण आपण करून ठेवले आहेत. पहिल्याला डॉक्टरकडे न्यायचं, दुसऱ्याला पोलिसांकडे. पण पुष्कळदा तेच पोर असतं आणि तीच चीड असते, फक्त कधी भिंत समोर असते आणि कधी माणूस. ही बोटं वेळेवर कुणी नोंदवली असती तर कोयत्यापर्यंत गोष्ट गेली नसती, असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण आठ-नऊ महिने हाताशी होते, एवढं खरं.

टपरी

जानेवारी २०२४ मध्ये त्याच्या दप्तरात मावा सापडला. सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेली पुडी, आपल्याकडे कुठं मिळत नाही असं गाव नाही. शाळेनं सांगितलं, आई-वडिलांना घेऊन ये, तोवर बसू नको. आजी गेली. तिला परत पाठवलं, “आई-बापच पाहिजेत.” आई-बाप हजार किलोमीटरच्या पलीकडे. हंगामाचे दिवस, दुकान बंद करून येता येईना. ती शिक्षा तेवीस दिवस लांबली.

त्या तेवीस दिवसांत तो कुठं होता, हे शाळेच्या कुठल्याच कागदावर नाही. तो बायपासच्या टपरीवर होता. सकाळी दहा ते संध्याकाळी पाच, शाळेच्या वेळेला, कारण आजीला कळायला नको. तिथं एकोणीस-वीस वर्षांची चार पोरं बसायची. त्यांनी त्याला जागा दिली, चहा पाजला. आणि पहिल्याच दिवशी एकानं हाक मारली, “ये भाऊ, बस.”

भ-चा भाऊ. त्यानं मला हे सांगितलं तेव्हा आवाजात काहीतरी होतं. हे त्यानं पुढच्या भेटीतही सांगितलं, आणि त्याच्या पुढच्याही.

एक गोष्ट इथं बोलायलाच हवी. लहान मुलाला तंबाखूचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या ७७ व्या कलमाखाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. मावा खाणारं पोर तेवीस दिवस शाळेबाहेर राहिलं. विकणारा त्याच तेवीस दिवसांत त्याला रोज विकत होता.

कोयता तिथं आला कसा, हेही बघा. टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं तसा या माळावर ऊस आला आणि उसाबरोबर घराघरांत कोयता. आजोबांचा कोयता गोठ्याच्या आढ्याला खोचलेला असायचा. या पोरानं त्यानं चारा तोडला होता, नारळ सोलला होता. घरात ते अवजार होतं. टपरीवर ते रीलमधलं सामान झालं. ऑक्टोबरमध्ये टपरीवाल्यांनी त्याचा बड्डे केला, गाडीच्या सीटवर केक ठेवून कोयत्यानं कापला, फोटो काढला आणि वर लिहिलं, ‘भाऊंना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. फोटोतला तो आणि माझ्यासमोर बसणारा तो यांत ओळखीचे फक्त केस होते. पंधरा वर्षांत त्याचा वाढदिवस इतक्या माणसांनी केला नव्हता.

त्या फोटोतल्या भ-चा ब झाला. करणाऱ्याला गंमत वाटली. वर्गाच्या ग्रुपवर हसण्याच्या खुणांची रांग लागली. पाचवीतला वर्ग पुन्हा हसला.

‘मुद्दाम’

जोखमीचे घटक कोणते, असा प्रश्न प्रशिक्षणात विचारला की सगळे धडाधडा सांगतात : बाप बाहेर, घरात मरण, व्यसन, चिडवणं, वाईट संगत, शाळेतून काढणं. या मुलाच्या बाबतीत सगळे आहेत. पण यातला प्रत्येक घटक त्याच वर्गातल्या आणखी चार-पाच पोरांच्या घरी आहे, आणि त्यांनी काही केलेलं नाही. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ मायकेल रटर यांनी १९७९ मध्ये मांडलेलं निरीक्षण इथं कामाला येतं. घरातली एकच मोठी अडचण असलेल्या मुलांत मानसिक त्रासाचं प्रमाण काहीच अडचण नसलेल्या मुलांइतकंच दिसलं. दोन एकत्र आल्या की ते चौपट झालं. म्हणजे बेरीज नाही, एकीनं दुसरीला धार लावली जाते. बाप बाहेर असणं या पोरानं पचवलं होतं, कारण आजोबा होते. आजोबा गेल्यावर बाप बाहेर असण्याचा अर्थच बदलला. शाळा होती तोवर टपरी ही येता-जाता दिसणारी जागा होती. शाळेनं दार लावलं आणि टपरी घर झाली.

माझ्या मते या प्रकरणात कुठली वाईट गोष्ट आली यापेक्षा कुठली धरून ठेवणारी गोष्ट कोणत्या क्रमानं सुटत गेली हे बघावं लागतं. तमिळ गेली, आई गेली, आजोबा गेले, वर्ग गेला.

पुढच्या एका भेटीत मी त्याला बारीकसारीक प्रसंग सांगून विचारलं, समोरच्यानं हे का केलं असेल? नळावर धक्का लागला, पाणी सांडलं. बाकावर वही होती, ती खाली पडली. तू वर्गात आलास आणि दोघं हसत होते. असे दहा. त्याचं उत्तर एकच, “मुद्दाम.” दहापैकी नऊ मुद्दाम. मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज यांनी १९८० पासून मारकुट्या मुलांवर जे काम केलं त्यात हेच दिसतं : ज्याचा धड अर्थ लागत नाही अशा कृतीतही ही मुलं आधी वैर वाचतात. पण हे त्यांचं वेड नसतं. पाच वर्षं वर्ग खरंच हसत असेल तर सहाव्या वर्षी प्रत्येक हसू आपल्यावरच वाटणार. दहावा प्रसंग असा होता, शिपाईमामांच्या हातून तुझा डबा सांडला. तो म्हणाला, “मामा असतील तर चुकून.”

आणि मैदानावरचे ते दोन मोबाईल. तो स्वतःच म्हणाला, “एकटा असतो तर दप्तरातून काढला नसता.” गार्डनर आणि स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये गाडी चालवण्याच्या एका संगणकी खेळावर हेच तपासलं. तीन वयोगट, काही जण एकटे, काही जण दोस्तांसमोर. चोवीसच्या पुढच्यांना दोस्त बघत असल्याचा फारसा फरक पडला नाही. तेरा ते सोळा वयाच्या पोरांनी दोस्त असताना सगळ्यात जास्त धोका पत्करला. गाड्यांच्या खेळात दोस्त दोन होते. इथं दोन मोबाईल होते आणि मोबाईलच्या पलीकडे सगळी दहावी.

माझी चूक

जानेवारीत माझ्याकडे अशीच आणखी तीन पोरं होती. चौघांना शनिवारी एकत्र बसवावं, राग कसा आवरायचा ते एकदमच शिकवावं, असं मी ठरवलं. वेळ वाचेल हे मुख्य कारण. कागदावर मी ‘गटसमुपदेशन’ लिहिलं.

तिसऱ्या शनिवारी मी चहा सांगायला बाहेर गेले आणि परत आले तर हा मुलगा बोटं मोजत म्हणत होता, “माझे सात, याचे चारच.” टाके. बाकीचे तिघं खूष होऊन हसत होते. डिशन, मॅककॉर्ड आणि पुलँ यांचा १९९९ चा लेख मी वाचलेला आहे. वाट चुकलेली पोरं एकत्र आणून सुधारणा करायला गेलं की ती एकमेकांना शाबासकी देऊन आणखी बिघडू शकतात, असं त्यात आकड्यांनिशी दाखवलं आहे. वाचलेलं होतं, तरी केलं. त्याच आठवड्यात गट मोडला. पण त्या तीन शनिवारांत त्याच्या फोनमध्ये नवे तीन नंबर आले ते आलेच.

काय केलं

वडील जानेवारीच्या शेवटी बारा दिवसांसाठी आले. तेजाबानं पिवळी पडलेली बोटं गुडघ्यावर ठेवून बसले. पहिला अर्धा तास त्यांनी हिशेब मांडला, घराला किती लावले, शिक्षणाला किती, मोबाईल कितीचा. तो खोटा हिशेब नव्हता. मग म्हणाले, “मी चौदाव्या वर्षी गेलो, मॅडम. मालक मुस्काडात मारायचा. मला कोण विचारलं?” मुलगा शेजारीच होता. त्यानं बापाकडे बघितलं ते मला वाटतं पहिल्यांदाच. मी काही बोलले नाही. बोलण्यासारखं होतं, पण ते त्या दोघांचं होतं.

त्यानंतर रोज रात्री नऊला फोन ठरला. अट एकच : अभ्यास, पैसे आणि ‘आजीला त्रास देऊ नको’ हे तीन विषय बंद. पहिले चार दिवस दोघंही गप्प बसून एकमेकांकडे बघत होते. पाचव्या दिवशी बापानं मूस कशी तापवतात ते दाखवलं. आता तो फोन कधी दहा मिनिटं चालतो, कधी तीन.

बारा दिवसांत बाप-लेक एकदा नदीवर गेले आणि आजोबांचा विधी, जो २०२१ मध्ये धड झाला नव्हता, तो बापानं केला. ही माझी कल्पना नव्हती, आजीची. माझ्या चौदा भेटींपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला असावा. त्या रात्री तो सहा तास झोपला.

शाळेनं त्याला परत घेतलं. मुख्याध्यापकांनी आधी हात वर केले होते, पालकसभेत आवाज चढले होते. चूक पालकांचीही नव्हती. शेवटी त्याला वर्गात शिपाईमामांच्या खोलीजवळच्या दाराशी बाक मिळाला. मुख्याध्यापकांनी सगळ्या शिक्षकांना दोन ओळींची चिठ्ठी फिरवली की हजेरी पूर्ण नावानं घ्यायची, सगळ्यांचीच. टोपणनावांबद्दल व्याख्यान दिलं नाही, हे फार बरं केलं.

शिपाईमामांना मी कामाला लावलं असं नाही, ते लागलेलेच होते. हवाई बेटांतल्या कवाई इथं १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ बालकांचा मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढं कित्येक वर्षं माग ठेवला. फार कठीण घरांतली साधारण एक तृतीयांश मुलं तरीही चांगली उभी राहिली, आणि त्यांच्या आयुष्यात निदान एक तरी कायमचं माणूस होतं. आजी, शेजारी, शिक्षक, कुणीही. मामा हा अभ्यास वाचणार नाहीत. ते त्याला रोज सकाळी घंटेची दोरी ओढायला देतात.

मंडळापुढच्या अहवालात मला एका प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं : हा पुन्हा करेल का? मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी १९९३ मध्ये केलेला भेद मी आधाराला घेतला. काही मुलं अगदी लहानपणापासून मारकुटी असतात आणि पुढंही राहतात. बरीच मोठी संख्या अशांची, ज्यांचं सगळं बिघडणं किशोरवयातच सुरू होतं आणि वय सरलं की ओसरतं. या मुलाचं बारा वर्षांआधी मारामारीचं एकही उदाहरण ना तिकडच्या शाळेत, ना इकडच्या. म्हणून मी ‘शक्यता कमी’ लिहिलं. पण मॉफिट यांनीच सांगितलेली दुसरी बाजूही लिहिली : शाळा सुटणं, व्यसन जडणं, नावावर शिक्का बसणं हे सापळे आहेत, आणि ओसरणारं पोर त्यात अडकलं की ओसरत नाही. मंडळानं समज देऊन आणि समुपदेशन चालू ठेवायला सांगून त्याला आजीच्या ताब्यात दिलं.

मावा सुटलेला नाही. चारावरून एकावर आहे. टपरी पोलिसांनी एकदा उचलली. आता ती बायपासच्या पलीकडच्या बाजूला आहे. दहावीला दोन विषय राहिले, एटीकेटीवर अकरावीत गेला. गलाईला जायचं का, यावर घरात दोन मतं आहेत. त्याचं मत दर आठवड्याला बदलतं, आणि मी ते चांगलं लक्षण धरते.

दुसरा मुलगा

प्रकरण लिहिताना आपण ज्यानं मारलं त्याच्याबद्दल पानं भरतो, ज्याला लागलं त्याला टाक्यांच्या आकड्यात बसवतो. मीही इथवर तेच केलं. तो मुलगा माझ्याकडे तीनदा आला. मैदानावरून जात नाही, रस्त्यानं वळसा घालतो. भ-चा ब त्यानं केला नव्हता. त्यानं फक्त पुढं पाठवला होता. ज्यानं केला तो कोण, हे वर्गात सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोललेलं नाही. ज्याला लागलं त्या मुलाच्या आईनं मला विचारलं, “त्याच्या बापाला बोलावलंत, त्याच्या आजोबांचं केलंत. माझ्या पोराचं काय केलंत?” मी म्हटलं, उशीर झाला. त्या म्हणाल्या, “हं.”

मार्चमध्ये परीक्षा संपल्यावर कोयता मारणाऱ्यानं एक चिठ्ठी लिहून आणली. मी सांगितलेली नव्हती. वहीचं अर्धं पान, चार ओळी. शेवटच्या ओळीतला भ त्यानं गिरवून जाड केला आहे. ती चिठ्ठी पोचवायची का, हे मी दुसऱ्या मुलाच्या आईला विचारलं. त्या म्हणाल्या, आत्ता नको. मग कधी, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मीही परत विचारलेलं नाही. चिठ्ठी माझ्या टेबलाच्या खणात आहे.